शिट्टी मिळणार नाही

गाडी मागे घेताना कंडक्टरने खाली उतरायचं, मागे उभं राहून बघायचं आणि मगच शिट्टी द्यायची, असा नियम आहे. काही वर्षांपूर्वी गुंजवण्याच्या शेवटच्या थांब्यावर मी उतरलो नाही. पाय दुखत होते, म्हणून जागेवरूनच बेल दिली. गाडीमागच्या सावलीत एक धनगर बाई टेकल्या होत्या. चाक त्यांच्या पावलावरून गेलं.

चौकशीत मी ‘उतरलो होतो’ असं लिहून दिलं. ते खोटं होतं. त्या बाईच म्हणाल्या, “माजीच चूक. म्या कशाला बसले हितं?” त्या कायमच्या लंगड्या झाल्या आणि माझी नोकरी राहिली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी दर वेळी उतरतो. परवा पालीला गाडी मागे घ्यायची होती, उशीरही झाला होता; तरी मी खाली उतरलो. ड्रायव्हर वैतागला. “मास्तर, चढा की! मागं कुत्रंसुदिक न्हाई.”

“बघितल्याबिगर शिट्टी मिळायची न्हाई,” मी म्हणालो.

“आता नारळबी फोडा चाकापुढं!” मागच्या सीटवरून एक म्हातारबा ओरडले. अख्खी गाडी हसली.

मी वाकून चाकांखाली पाहिलं, शिट्टी दिली, गाडी वळल्यावर वर चढलो.

“व्हतं का कुनी?” ड्रायव्हरने विचारलं.

“न्हाई. उद्याबी नसंल, तरी उतरनार. साहेबांकडं तक्रार करायची तर खुशाल कर.”

त्याने मान हलवून गिअर टाकला. मी डबल बेल दिली.