मायसाठी घेतलेलं मराठी पॅक

नारायणगुड्यातल्या एका कॉलेजात मी मास कम्युनिकेशन शिकवते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही, आणि ऐकून कुणाला नवल वाटलं तर मला बरंच वाटतं. तारनाक्याचा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला आहे. लग्न केलं नाही. नातेवाईक म्हणतात, शिकण्याच्या नादात राहून गेलं. राहून गेलं नाही, मी राहू दिलं. पण संध्याकाळी घरी आल्यावर कुलूप आपणच काढायचं, दिवा आपणच लावायचा, याचा कंटाळा येतो. तेही खरंच आहे.

म्हणून वडील गेल्यावर मायनं कायमचं माझ्याकडं राहावं, असं मला फार वाटत होतं. गाव नांदेडकडं. तिथं भाऊ शेती बघतो, भावजय चांगली आहे, मायला काही कमी नव्हतं. कमी मला होतं. डोळ्याच्या ऑपरेशनचं निमित्त करून तिला घेऊन आले आणि ऑपरेशन झाल्यावर परत जायचा विषयच काढला नाही. तिनंही काढला नाही. मला वाटलं, जमलं.

इथं तेलुगू मुलखात घरात टीव्हीवर तेलुगू चॅनेलच लागायची. मी टीव्ही बघते तो शिकवण्यापुरता, त्यामुळं दुसरं काही घ्यायचं सुचलंच नव्हतं. मायला तेलुगू येत नाही. तरी संध्याकाळची एक मालिका तिनं धरली, आणि तिच्यामागं कारण होतं खालच्या मजल्यावरच्या आंटी. त्या तेलुगू, नवरा वारलेला, मुलगा परदेशात. माय जिन्यात बसून अंबाडी निवडत होती, आंटी थांबून म्हणाल्या, गोंगुरा. माय म्हणाली, अंबाडी. तेवढ्यावर ओळख झाली, आणि मालिकेच्या वेळेला आंटी रोज वर यायला लागल्या. त्या तेलुगू ऐकायच्या आणि दखनी हिंदीत सांगायच्या. दखनी आमच्याकडच्या जुन्या माणसांना येतेच.

"ये कौन नवीन आयी?" माय विचारायची.

"वो उसकी अत्त है अम्मा. सास. भोत खराब."

"दिसायलीच की. नाकावरून."

"नाक से कैसा मालूम?"

"मेरी सास का वैसाच था."

मग दोघी खो खो हसायच्या. मला ते जिन्यातूनच ऐकू यायचं. दार उघडंच असायचं, आत दिवा, आणि चहाचा वास. "चप्पल नीट काढ, आंटीच्या चपलेवर चढवू नको," हे माझं स्वागत. मी दिवसभर शंभर पोरांसमोर बोलून आलेली बाई, पण त्या चपलेवरच्या बोलण्यानं दिवसाचा शीण जायचा. जेवताना माय मला सगळा भाग मराठीत सांगायची. त्यात आंटींचं किती, मालिकेचं किती आणि मायचं स्वतःचं किती, हे कळायला मार्ग नव्हता. मला तर वाटतं, त्या मालिकेतल्या सासूला मायनं स्वतःच्या सासूचे सगळे गुण देऊन टाकले होते.

मी वर्गात सांगते की टीव्हीपुढं बसलेला माणूस मुकाट्यानं बघत नसतो, तो त्यात स्वतःचं काहीतरी घालत असतो. माझ्या घरात हे रोज चाललं होतं आणि मला दिसत होतं ते एवढंच, की माझ्या मायला टीव्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. ते मला लागायचं. मी एवढी शिकलेली, आणि माझ्या घरात माझ्या आईला तिच्या भाषेतली एक मालिका नसावी? मी मराठी चॅनेलचं पॅक घेतलं. लागल्यावर मायला हाक मारली, "बघ माय, आता समदं आपल्या भाषेत."

"बरं केलंस," माय म्हणाली.

आंटी त्यानंतरही दोन-चारदा आल्या. पण आता मराठी त्यांना कळेना. माय दखनीत सांगू बघायची, पण सांगेपर्यंत पुढचं निघून जायचं. मग आंटींना घरी काही ना काही काम निघायला लागलं. त्यांचं खरं होतं. समजावून सांगायला त्या येत होत्या, आणि आता मायला समजतच होतं.

जेवताना मी विचारलं, "आज काय झालं मालिकेत?"

"तू बघ की. तुला कळतंय."

दुसऱ्या दिवशीही तसंच. मी म्हटलं, "आवडत नाही का माय तुला?"

"चांगलं हाय. समदं समजायलंय."

"मग?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आपल्यावानी त्याच्यात एकटी भांडेवालीच बोलायली."

मी हसले, आणि हसू मध्येच थांबलं. या एका वाक्यावर मी वर्गात तासभर बोलू शकले असते, घरात मी फक्त पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. मला कुकटपल्लीतलं हळदीकुंकू आठवलं. कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईहून आलेल्या घरांतल्या बायकांचं ते, मी हौसेनं मायला नेलं होतं. बायका मनानं चांगल्या. त्यातली एक म्हणाली, "किती गोड बोलता हो काकू, अगदी गावाकडचं!" मायनं वाण घेतलं आणि घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, दमली असेल.

"मग तेलुगूच लाव ना," मी म्हटलं. "आंटींना बोलाव."

"कसं बोलावू? मला आता समजत नाही म्हणून सांगू? लबाड बोलू?"

"मी सांगते त्यांना."

"नको बाई. तू सांगितल्यावर ती मॅडमच्या घरी येईल. माझ्याकडं नाही यायची."

थोड्याच दिवसांनी माय म्हणाली, हरभरा काढायला आला असेल. तिनं कित्येक वर्षांत हरभऱ्याला हात लावलेला नाही. मी वाद घातला नाही. भाऊ न्यायला आला. माय निघताना आंटींच्या घरात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आणि भाऊ पिशव्या घेऊन ऑटोजवळ उभे. आली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "जेवत जा टायमावर."

आता कुलूप पुन्हा मीच काढते. माय मला रविवारी फोन करते. ऊन किती आहे, गुडघे कसे आहेत, भाचीचा अभ्यास, संपलं. मराठी पॅक अजून चालू आहे. बंद करायला हवं, पण आवाज असला की घर भरल्यासारखं वाटतं, म्हणून लावून ठेवते.

परवा संध्याकाळी भात वाढून घेतला आणि ताट टीव्हीपुढं ठेवलं. तेवढ्यात खालच्या गॅलरीतून आंटींचा मोठा आवाज आला.

"नै अम्मा, मरा नै वो! अस्पताल में है. अत्त उसकू देखने कू बी नै गयी."

मी रिमोट उचलून आपल्या टीव्हीचा आवाज बंद केला. आंटी थांबत होत्या, ऐकत होत्या, मोठ्यानं हसत होत्या. पुन्हा सांगत होत्या. मग मला कळलं. मालिका संपली की हे रोज होत असणार. माय रोज या बिल्डिंगमध्ये फोन करते, पण माझ्या मजल्यावर नाही.

मी गॅलरीत गेले. आंटींनी वर पाहिलं. फोन कानाला तसाच.

"मॅडम! अम्मा पूछ रै, खाना खाए क्या?"

"हौ आंटी, खा ली बोलो."

आंटींनी फोनमध्ये सांगितलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आंटी हसल्या आणि पुन्हा वर बघून म्हणाल्या, "अम्मा बोल रै, लबाड नक्को बोलो."

त्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत असेल की नाही कुणास ठाऊक. मी आत आले, गॅलरीचं दार उघडंच ठेवलं आणि ताटावर बसले. खाली आंटी पुढचं सांगायला लागल्या होत्या.