डोळे आखणारे अण्णा

गेल्या आठवड्यात परळला पासपोर्टचा फोटो काढताना, फोकस लागल्यावर कॅमेऱ्यात होणारा ‘पीप’ ऐकला आणि लालबागचा वर्ग आठवला. गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर मी मूर्तिकारांना डिजिटल फोटोग्राफी शिकवत असे. ओल्या शाडूचा आणि रंगाचा वास तिथे कोंडलेला असे. त्या दुपारी गोंगाट नको म्हणून मी सगळ्या कॅमेऱ्यांचे आवाज बंद केले, आणि मूर्तींचे डोळे आखणाऱ्या अण्णांचे सगळे फोटो धूसर आले.

“पीप ऐकूनच बटण दाबत होतो, सर,” ते हळूच म्हणाले. “गेलं वर्षभर नीट दिसत नाही.”

तेवढ्यात मालक वर आले. “काय सर, आमच्या अण्णांची नजर कशी वाटते? यंदाही डोळे त्यांच्याच हातचे हवेत हां!”

माळ्याला जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी मालक उभे.

“एकदम तयार,” मी म्हणालो.

अण्णांच्या पाठीवर थाप मारून मालक उतरले. अण्णांना वाचवलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज त्या उत्तराची लाज वाटते.

“मीच सांगणार होतो त्यांना आज,” मालक उतरल्यावर अण्णा म्हणाले होते. “आता तुम्हाला खोटं कसं पाडू?”