पहिला उठणारा माणूस

पुण्यातला माणूस लग्नात जेवायला पहिला उठेल, नाचायला नाही. फ्लोअर रिकामा, दिवे गरागरा फिरतायत आणि पाहुणे खुर्च्यांना असे चिकटलेले, की सातबारा त्यांच्याच नावावर आहे. मी अमीन. चाळीस वर्षं भवानी पेठेतून साउंड भाड्याने देतोय, म्हणून सांगतो, गाणं कितीही चांगलं असू दे, पहिला माणूस उठल्याशिवाय दुसरा उठत नाही. माझा पहिला माणूस होता बुद्धभूषण.

दिवसा तो मार्केट यार्डात तोलणार म्हणून कामाला होता. कांद्याची पोती काट्यावर चढवायची, वजन ओरडून सांगायचं, दिवसभर तेच. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या घरी अंघोळ करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि माझ्या टेम्पोत बसायचं. मी जुनं डिस्को लावलं, की हा पाहुण्यांतलाच कुणीतरी असल्यासारखा उठायचा आणि एकटा नाचायला लागायचा. मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचा आहे, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचा.

आणि नाचायचा कसा? अहो, काय सांगू! आधी नुसता खांदा, मग कंबर, पाय सगळ्यात शेवटी. बघणाऱ्याला वाटायचं, एवढं तर आपल्यालाही जमेल. मग एक आत्या उठायची, मागून दोन काका. वीसेक माणसं झाली की हा गर्दीतून हळूच सटकायचा. "यजमानाच्या अल्बममध्ये भाड्याचा माणूस कशाला?" म्हणायचा. कॅमेरावाला दिवा लावेपर्यंत गडी माझ्याशेजारी घाम पुसत बसलेला असायचा.

मी म्हणायचो, "पोरं म्हणतात नवीन गाणी लावा."

"लाव की. नव्या गाण्याला स्टेप पाठ लागते. मोबाइलवर बघून आलेली चार पोरं नाचतील, बाकीचे शूटिंग करतील. डिस्कोला काय लागतं? चालता येतं ना? झालं तर मग."

खोटं नव्हतं ते. कॅसेट गेल्या, सीड्या गेल्या, माझे केस गेले. पण तो ढुम-टक ढुम-टक ठोका सुरू झाला, की आजही सत्तरीची बाई पदर खोचते.

त्याची हौस एकच होती. "आम्रपालीच्या लग्नात मी सटकणार नाही, अमीन. गाणं संपेपर्यंत नाचणार. कॅमेऱ्यासमोर." आम्रपाली त्याची एकुलती एक पोरगी. वीस वर्षं हेच ऐकत आलो होतो मी.

पोरगी शिकली, लोणी काळभोरला कॉलेजात शिकवायला लागली. तिथल्याच अभयशी लग्न ठरलं. पंधरा दिवस आधी बापाला म्हणाली, "बाबा, एक मागू? रिसेप्शनला नाचू नका. त्यांच्याकडचे लोक वेगळे आहेत." लहानपणी शाळेत तिला 'नाच्याची पोरगी' म्हणून चिडवायचे, घरी येऊन रडायची, हे मला माहीत होतं. तरी माझं डोकं फिरलं. हा बाबा मात्र "बरं बाळा" म्हणून मोकळा. मी म्हटलं, "आणि तुझी हौस?"

"पोरीपेक्षा मोठी आहे का?" म्हणाला.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, संध्याकाळी रिसेप्शन. आणि मी डिस्को लावलं. सरळ सांगतो, खुन्नस म्हणून लावलं. भूषण पहिल्या रांगेत दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला होता. फ्लोअर रिकामा. मला वाटलं, आता तरी उठेल. पण उठली कोण, तर अभयची आई! रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका बाई, चष्मा पर्समध्ये टाकला आणि सरळ फ्लोअरवर. मागून त्यांची सगळी वरात. तिथूनच ओरडल्या, "अगं आम्रपाली, व्याही कुठायत? बोलव त्यांना!"

आम्रपाली साडी सावरत धावत आली. "बाबा, चला ना. मीच म्हणतेय ना, चला."

भूषण हसला. "गुडघे दुखतायत गं. तू जा, नाच."

खोटारडा! दुपारीच माझ्याबरोबर स्पीकरची पेटी उचलून आणली होती त्याने. ती गेल्यावर मी त्याच्यावर खेकसलो, "अरे, आता कशाला अडलास?"

"सासूने सांगितलं म्हणून आली रे ती," तो म्हणाला. एवढंच. मग टाळ्या वाजवत बसला.

दोन महिन्यांनी यार्डात काट्याजवळ त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला. माझा मित्र गेला, अजून सवय होत नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर चारेक दिवसांनी आम्रपाली दुकानात आली. "काका, बाबा नाचतानाचा एखादा व्हिडिओ आहे? मी कधी पाहिलंच नाही त्यांना." मी दोन दिवस मागितले. ओळखीच्या चार शूटिंगवाल्यांची जुनी लग्नं पालथी घातली. हजारो माणसं नाचतायत, त्यांना नाचायला लावणारा भूषण कुठेच नाही. ती परत आली तेव्हा तसं सांगून टाकलं.

"मग कसे नाचायचे ते?"

मी उठलो. आयुष्यात कधी नाचलो नाही, त्यात शुगर, त्यात हे पोट. गाणंबिणं लावलं नाही. आधी खांदा हलवला, मग कंबर. चुकलं. परत केलं. ती हसली आणि हसता हसताच तोंडाला ओढणी लावून रडायला लागली.

"काका, खरं सांगा. त्या दिवशी बाबांचे गुडघे दुखत होते?"

या पोरीला सुनावायचं म्हणून किती दिवस मनात शिव्या जुळवून ठेवल्या होत्या मी. एकही आठवली नाही. "हो गं," मी म्हटलं, "फार दुखत होते. मलाही म्हणाला होता."

तिने ओढणीने डोळे पुसले.

"त्या दिवशी सकाळी ते हॉलच्या दारावर फुलांच्या माळा बांधत होते, काका. चार वेळा शिडी चढले, उतरले. शिडी मीच धरली होती."