एक डबा सोडून

ती सकाळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि मी ती जाऊही देणार नाही. निवृत्त होऊन बडनेऱ्यात घरी बसलोय, आता कुणाची भीडभाड ठेवायचं कारण नाही, म्हणून लिहितो. नोकरीत असतानाही फार ठेवत नव्हतो, हे माझ्या बदल्यांची यादी पाहिली की कळेल. नावं कुणाचीच देणार नाही. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यातलं, नगरपरिषद असलेलं एक गाव आणि मी तिथला ठाणेदार, एवढं पुरे.

आदल्या दिवशी नगरपरिषदेचं पत्र आलं होतं. अनधिकृत बांधकाम पाडायचं आहे, बंदोबस्त मिळावा. असं पत्र आलं की आम्ही माणसं मोजतो आणि पाठवून देतो. मीही तेच केलं. आठ अंमलदार दिले, त्यात दोन महिला. घर कुणाचं, नोटीस कधी दिली, मुदत संपली का, हे विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. ती माझी चूक, आधीच कबूल करतो.

घर एका बाईचं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मागं दोन खोल्या आणि पुढं टिनाच्या शेडमध्ये पिठाची चक्की. त्या चक्कीवर तिनं दोन पोरी वाढवल्या आणि धाकटीचं लग्न बारा दिवसांपूर्वीच लावून दिलं होतं. शेड विनापरवाना होतं, खोल्यांचा नकाशाही मंजूर नव्हता. हे मी झाकत नाही. पण त्या गावात नकाशा मंजूर असलेली घरं शोधायला निघालात तर चपला झिजतील. तिच्या घरामागंच चार मजली व्यापारी इमारत उभी होती, अर्धी नाल्यात. इमारतीला नोटीस जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिची एक वीट हलली नव्हती. त्या इमारतीला मोठ्या रस्त्यावर यायला वाट हवी होती, आणि वाटेत ही चक्की होती.

जेसीबीनं शेडची एक बाजू पाडली. चालक पाणी प्यायला खाली उतरला, तेवढ्यात बाई वर चढली, चावी काढली, आत गेली आणि दळणाच्या कुठल्याशा डब्यात टाकून दिली. चक्कीवर बारा-तेरा डबे रांगेत होते, ज्वारीचे, गव्हाचे, हरभऱ्याच्या डाळीचे. नगरपरिषदेच्या पथकानं गिऱ्हाइकांचं धान्य जमिनीवर उपसलं. चावी काही मिळाली नाही. बाई उंबऱ्यात उभी राहून एकच सांगत होती, "गिऱ्हाइकाच्या डब्याले हात लावू नका. त्यायनं माह्यावर भरोसा ठेवून दळण ठेवलं हाय."

काम त्या दिवसापुरतं थांबलं. संध्याकाळी जेसीबीच्या मालकानं दुसरी चावी आणून तो हलवला. त्याआधी दुपारीच नगरपरिषदेच्या कनिष्ठ अभियंत्यानं फिर्याद दिली, शासकीय कामात अडथळा. बाईला ठाण्यात आणलं आणि पाठोपाठ मला फोन सुरू झाले. बाईला अटक करा, उद्या राहिलेलं पाडून मोकळं करू.

मी बाईला समोर बसवलं. माझा रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारा हवालदार, बाजूला लिहीत होता. तिथलाच जुना मुसलमान माणूस, अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं कमी.

"चावी काढली का?" मी विचारलं.

"काढली."

"कुठल्या डब्यात टाकली?"

"ते नाई सांगत."

"नोटीस मिळाली होती, तरी घर रिकामं का केलं नाही?"

"कोनती नोटीस? कागद आला असता तं मी पोरीच्या लग्नाच्या धामधुमीतबी नगरपरिषदेत जाऊन बसली असती. माहं घर हाय ते साहेब, मी काहून गप राहीन?" मग ती पुढं झुकली. "अन् माही तक्रार पयले घ्या. लग्नाले चार दिवस नाई झाले तं माह्या पोरीच्या नावावर कोनं तरी खळ फासली. सकाळी मी चक्कीचा पट्टा आनाले गेली होती, येऊन पाह्यते तं भिंतीवर चिकट. असा अपशकुन कोनी करते का?"

मला वाटलं बाई विषय बदलते आहे. संशयित माणूस असा आडवळणाला जातो, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. मी तिला गप्प केलं. रायटरनं मात्र ते वाक्य जबाबात उतरवून घेतलं. त्याची सवयच तशी, माणूस बोलला की लिहायचं, अर्थ साहेबानं लावावा.

नगरपरिषदेची फाईल मागवली. कायदा सरळ आहे. अनधिकृत बांधकामाला आधी नोटीस द्यायची आणि महिन्याची मुदत द्यायची. त्या मुदतीत माणूस अर्ज करू शकतो, बसेल तेवढं बांधकाम नियमित होतं, न बसणारं काढावं लागतं. घरात कुणी भेटलं नाही तर नोटीस भिंतीला चिकटवायची, दोन पंच उभे करायचे, फोटो काढायचा. फाईलमध्ये सगळं व्यवस्थित होतं. पंचनामा चाळीस दिवसांपूर्वीचा, पंच नगरपरिषदेचेच दोन कामगार, आणि भिंतीवर चिकटवलेल्या नोटिशीचा रंगीत फोटो.

मी फाईल मिटत होतो, तेव्हा रायटरनं हात पुढं केला.

"साहेब, वो फोटो दाखवा जरा. बाईची खळवाली बात याद आहे ना?"

त्यानं भिंग लावलं आणि फोटो माझ्याकडं सरकवला. नोटिशीच्या वर केशरी रंगात गणपतीच्या सोंडेचं वळण दिसत होतं. खाली कागदाच्या कडेला लाल रंगातली तारीख होती, अर्धी झाकलेली, अर्धी उघडी.

आमच्या वऱ्हाडात घरी लग्न असलं की भिंत रंगवून घेतात. वर गणपती, खाली शुभविवाह, नवरा-नवरीची नावं, लग्नाची तारीख. पेंटर लग्नाच्या आठवडाभर आधी येतो. मग ती भिंत पाऊस धुऊन नेईपर्यंत तशीच राहते, आणि दर चौथ्या घरावर असल्यामुळं गावात कुणाची नजर तिच्यावर थांबत नाही. नोटीस चिकटवणाऱ्यांचं तेच झालं. चाळीस दिवसांपूर्वी त्या भिंतीवर गणपती कुठून येणार? तोवर लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं. म्हणजे आठेक दिवसांपूर्वी, बाई नाही बघून, कागद लावला, फोटो काढला, कागद उपटून नेला आणि पंचनाम्यावर मागची तारीख टाकली. पोरीच्या नावावर खळ तेवढी राहिली. मला खबर समोर बसून मिळत होती आणि मी खबर देणारीला गप्प केलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

मी जाऊन भिंत पाहिली, नवीन पंच घेऊन पंचनामा केला, पेंटरचा जबाब घेतला. मग अभियंत्याला बोलावलं. चहा पाजला. सरकारी माणसाला धमकावून काही मिळत नाही, त्याला त्याच्याच कागदात चालवत न्यावं लागतं.

"नोटीस लावली तेव्हा तुम्ही स्वतः हजर होता?"

"होतो साहेब."

"भिंत कशी होती? रंगवलेली, चित्र, काही?"

"कोरी. साधा चुना."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, मी उभा होतो ना."

ते लिहून त्याची सही घेतली. मग फोटो आणि भिंग पुढं ठेवलं. त्यानं भिंग उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं.

"साहेब, मले नोकरी करायची हाय," शेवटी तो म्हणाला. "मागच्या बिल्डिंगले वाट पाह्यजे, लवकर करा, असं वरून सांगितलं."

"वरून म्हणजे कोण?"

तोंडी त्यानं नाव घेतलं. कागदावर घेतलं नाही, आणि मलाही ते त्याच्याकडून कागदावर आणता आलं नाही. तो आणि दोन्ही पंच यांच्यावर खोटा दस्तऐवज तयार केल्याचा गुन्हा मी त्याच दिवशी दाखल केला. बाईवरचा गुन्हाही पुसला नाही, कारण चावी तिनं काढली होती. अटक मात्र केली नाही. पुढं न्यायालयानं तिला समज देऊन सोडलं.

रात्र पडायच्या आत नगराध्यक्षांचा फोन आला. आवाज गोड होता.

"ठाणेदार साहेब, बांधकाम हा नगरपरिषदेचा विषय. तुमी कावून पडता त्यात?"

"बांधकाम तुमचं खातं," मी म्हणालो. "खोटा पंचनामा माझं खातं. खरी नोटीस लावा, महिना थांबा, मग या. बंदोबस्ताला मी स्वतः उभा राहतो."

तेवढ्यावर थांबलो नाही. नगरपरिषदेला पत्र पाठवलं की मागच्या चार मजली इमारतीच्या कारवाईसाठी बंदोबस्त कोणत्या तारखेला लागेल, कळवावे. उत्तर आलं नाही. मी दर सोमवारी तेच पत्र पाठवत राहिलो, जावक क्रमांक टाकून, पोच घेऊन. बाईला नवी नोटीस मिळाली. तिनं मुदतीत अर्ज केला, रस्त्याच्या हद्दीत येत होतं तेवढं शेड स्वतःच काढलं. घर आणि चक्की वाचली. त्याच आठवड्यात माझा बदलीचा आदेश आला, अमरावतीचा नियंत्रण कक्ष.

पदभार सोडायच्या सकाळी बाई ठाण्यात आली. पदराची गाठ सोडून तिनं माझ्या टेबलावर जेसीबीची चावी ठेवली.

"कुठं होती ही?" मी विचारलं. "त्यांनी तर सगळे डबे उपसले होते."

"सगळे नाई. एक सोडून." ती हसली. "नगराध्यक्षाच्या घरचा ज्वारीचा डबा होता, झाकनावर नाव कोरेल. त्याले हात लावाची कोनाची हिम्मत हाय? मले मालूम होतं. दळाच्या आंधी काढून घेतली."

तपासाला गेल्यावर काय पाहायचं, हे मला प्रशिक्षणात पुष्कळ शिकवलं होतं. कुठल्या डब्याला हात लागलेला नाही ते आधी पाहावं, हे त्या चक्कीवालीनं शिकवलं. त्यानंतर जिथं गेलो तिथं मी तेच पाहत आलो, आणि म्हणूनच कुठं फार दिवस टिकलो नाही. त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

त्या सकाळी पदभार द्यायला अजून तास होता. मी रायटरला कागद घ्यायला सांगितलं, बाहेर उभे असलेले दोन जण पंच म्हणून बोलावले आणि माझ्या तिथल्या नोकरीतला शेवटचा पंचनामा केला. त्यात लिहिलं, बाईने चावी हजर केली. बाईच्या सांगण्यानुसार ती नगराध्यक्षांच्या घरच्या ज्वारीच्या डब्यात होती. सदर डबा पथकाने तपासला नव्हता. पंचांनी वाचून पाहिलं आणि सह्या केल्या. त्याची एक प्रत मी न्यायालयाकडं रवाना केली, आणि इमारतीचं सोमवारचं पत्र गुरुवार असूनही पाठवून दिलं.