मिझुनोसान आडात उतरले तेव्हा

भूमच्या एसटी स्टँडसमोर चहा घेऊन आम्ही जीपमध्ये बसलो. शेजारी मिझुनोसान (सान म्हणजे आपल्याकडचं ‘साहेब’) डोळे मिटून बसले होते. सत्तरी ओलांडलेले हे जपानी दिग्दर्शक; मी त्यांची पुण्याहून आलेली दुभाषी. पुढे त्यांचा कॅमेरामन. नव्या सिनेमासाठी कोरड्या आडात उतरणारा माणूस टिपायला आम्ही निघालो होतो.

त्यांच्याविषयी मी वाचून आले होते. कुठल्याही स्टुडिओच्या दारात न जाता, चार मित्रांना घेऊन त्यांनी पहिला सिनेमा केला. थिएटरवाल्यांनी तो नाकारला. तरुणांनी तो लहानशा हॉलमध्ये पुन्हा पुन्हा पाहिला. पुढच्या एका सिनेमात त्यांनी नटाला बर्फाळ नदीत उभं ठेवलं. नटाच्या पायाची बोटं गेली, खटला झाला, आणि त्याच दृश्यानं त्यांचं नाव झालं. पडद्यावरची भीती खरी हवी, एवढंच ते सांगत.

वाटेत टायर पंक्चर झालं. तासभर उघड्या माळावर, बोडक्या टेकड्यांकडे बघत उभे राहिलो.

वस्तीवर आडाच्या मालकांनी, भगवानमामांनी, आधी जेवायला बसवलं. भाकरी, शेंगाची चटणी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ कढी). मग शेताच्या कडेचा कोरडा आड दाखवला.

“लई खोल हाय, ताई,” मामा म्हणाले. “कपारीत कवाकवा साप असतंय.”

कमरेला दोर बांधून मामांनी उतरायचं, असं ठरलं होतं. दोर मामांच्या भावाच्या हातात. तेवढ्यात मिझुनोसान कॅमेरामनला हळूच म्हणाले, “तळाशी त्यानं कमरेचा दोर सोडला की तो वर काढून घ्यायचा. मग त्याचा चेहरा टिपायचा.” आणि माझ्याकडे वळून, “त्याला सांग, दोर धरलेला राहील.”

दुभाष्यानं सांगायला सांगितलं तेवढंच सांगायचं असतं. पण मी मामांना सगळं सांगितलं, कॅमेरामनला म्हटलेलंही.

मामांनी मिझुनोसानांकडे बोट केलं. “सवता उतरत्याल का, इचारा.”

मी विचारलं. मिझुनोसानांनी दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

“आवो, म्हातारं माणूस हाय, म्या आपलं बोलून गेलो,” मामा घाबरून म्हणाले. मिझुनोसान ऐकेनात. छोटा कॅमेरा गळ्यात घालून ते उतरले, तळाशी दोर सोडला आणि खालून ओरडले, “घ्या ओढून.”

कॅमेरामननं मामांच्या भावाच्या हातून दोर घेऊन वर ओढला. थोड्या वेळानं खालून एक किंकाळी आली, मग काहीच नाही. मी हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. वाटलं, या माणसाला मी मारलं.

मामांनी चपला काढल्या आणि दोराची वाट न बघता कपारीत पाय रोवत ते उतरू लागले. एक दगड सुटून खाली गेला. मी डोळे मिटले.

भावानं दोर पुन्हा खाली सोडला, आणि बऱ्याच वेळानं दोघं वर आले. साप नव्हता, काही नव्हतं. मिझुनोसानांचे ओठ पांढरे पडले होते. कॅमेरा खालीच राहिला होता. मामा आणायला निघाले, तर मिझुनोसानांनी त्यांचा हात सोडलाच नाही.

परतीच्या वाटेवर, भूम जवळ आल्यावर, ते पहिल्यांदा बोलले. आडात मामांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांनी तोडक्यामोडक्या उच्चारात म्हणून दाखवले. “भिऊ नगा. म्या हाय.” अर्थ काय, विचारलं.

मी सांगितला. भीती खरी होती की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.