बघण्याची शिकवणी

आमच्या सरांनी मला फसवलं. सरळ सांगतो, आडून बोलणं माझ्या स्वभावात नाही. इंग्रजी शिकवतो म्हणाले आणि वर्षभर माझे डोळे वापरले. माझा धंदा जुन्या सागवानाचा. पाडलेल्या घरांच्या चौकटी, दारं, तुळया विकत घेतो आणि बल्लारपूरच्या दुकानात विकतो. दारोदार चटया विकण्यापासून इथवर आलो ते घासाघीस करतच. मला सौद्यात हरवणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत एकच निघाला, आणि तो निघाला एक निवृत्त मास्तर, ज्याच्या पिशवीत भाजीवालीसुद्धा रोज किडकी वांगी टाकत असे.

मला इंग्रजी हवं होतं ते एकाच कारणासाठी. मोहर्लीच्या जंगलाकडचे रिसॉर्टवाले दुकानात यायचे, माझ्याच दारावरून हात फिरवायचे आणि माझ्यासमोरच माझ्या मालाबद्दल इंग्रजीत कुजबुजायचे. मी मख्खासारखा उभा. शेवटी सरांकडे गेलो आणि फी विचारली. सर म्हणाले, "पैसे नको. स्कूटरवर मागं बसवा आणि मी म्हणेन तिथं न्या. वर्ग तिथंच." मी मनात हसलो. पेट्रोलच्या भावात इंग्रजी. त्यांचा विचार बदलायच्या आत हो म्हटलं.

पहिला वर्ग स्टेशनच्या पुलावर. "सी म्हणजे दिसणं. ते फुकट असतं. लूक म्हणजे बघणं, त्याला मन लागतं. वॉच म्हणजे बघत राहणं. समोरचं हलतं आणि आपण हलायचं नाही." तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत मला खरोखरच हलू दिलं नाही. दिसेल ते मी मराठीत सांगायचं, त्यांनी त्याचं इंग्रजी करायचं, मी ते परत म्हणायचं. "कोळशावर बगळा बसून चालला सर," मी म्हणालो. "पांढरा?" "बगळा काळा राहते काय सर?" सर एवढे खूश झाले की तो पूर्ण वर्ग त्या बगळ्यातच गेला. त्याची मान कशी होती, वारा लागून पिसं उडत होती का, तो पुढं बघत होता की मागं.

मग ग्लान्स आला. म्हणजे ओझरती नजर. त्यासाठी आठवडी बाजारातून स्कूटर न थांबवता न्यायची आणि पलीकडे गेल्यावर काय दिसलं ते सांगायचं. मी एका मोहफुलंवालीचं हिरवं लुगडं सांगितलं. सरांनी विचारलं, "कोणतं हिरवं? धानाचं की कडुनिंबाचं?" परत जावं लागलं. ती बाई म्हणाली, "काऊन जी भाऊ, काई हरवलं काय?" तिला काय सांगणार, इंग्रजी शिकून राह्यलो म्हणून? स्टेअरसाठी सरांनी मला जंगलाच्या फाटकापाशी एका वानरासमोर उभं केलं. "रोखून बघा." मी रोखून बघितलं. वानरानं खांद्यावर ओरखडा काढून माझ्या हातातली शेंगदाण्यांची पुडी नेली. सर शांतपणे म्हणाले, "स्टेअर हा उद्धटपणा आहे. वानरालाही कळतो. आता तुम्ही हा शब्द विसरणार नाही."

आमच्या घरी मात्र हसणं सुरू झालं. "पावसाळा गेला, थंडी गेली, तुम्ही अजून बघूनच राह्यले," बायको म्हणाली. "सरांपाशी दुसरा शब्द नाई काय? जेवण कधी येते इंग्रजीत?" माझं डोकं तापलं. तसाच सरांच्या दारात गेलो. "सर, मले धंदा करायचा आहे. भाव करायचं इंग्रजी द्या." सर म्हणाले, "शेठ, ज्याला नीट बघता येतं त्याला भाव करायला एक 'नो' पुरतो."

आणि दुर्दैवानं ते खरं ठरलं. एक रिसॉर्टवाला बायकोला घेऊन दुकानात आला. बाई सिरोंचाहून आणलेल्या एका नक्षीच्या दारासमोर खिळल्या. नवरा हळूच म्हणाला, "डोन्ट स्टेअर अॅट दॅट डोअर." स्टेअर! माझा खांदा हुळहुळला. मी दाराकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि सांगितलेल्या भावावरून तसूभर हललो नाही. दार माझ्याच भावात गेलं. मी पेढे घेऊन सरांकडे गेलो.

त्या दिवशी नोटीस हा शब्द होता. "म्हणजे कुणी न दाखवता ध्यानात येणं," किटलीतून चहा ओतत सर म्हणाले. "आज तुम्ही सांगा." मी म्हणालो, "आय नोटीस, सर, चहा कपाच्या बाहेर चालला." सरांचा हात थांबला. त्यांनी बोटानं कपाची कड चाचपली, आणि मला एकदम सगळं आठवलं. खालीवर लागलेली शर्टाची बटणं. किडकी वांगी. पुलाच्या पायऱ्यांवर माझ्या खांद्यावर असलेला त्यांचा हात. तो बगळा.

"काचबिंदू," सर म्हणाले. "कडेकडून आत येतो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलं आहे तोवर बघून घ्या. ऑटो करून फिरलोही असतो, पण ऑटोवाला बगळा सांगत नाही."

"मले आधी सांगाले काय झालं होतं?" माझा आवाज चढलाच.

"सांगितलं असतं तर तुम्ही दयेनं दाखवलं असतं, उरकून टाकल्यासारखं. सौदा होता म्हणून तुम्ही सगळं वसूल करून बघितलंत." मग त्यांनी कप माझ्याकडे सरकवला, म्हणजे मी होतो त्याच्या जरा डावीकडे. "पास झालात. नोटीस सगळ्यात अवघड असतो."

उन्हाळ्यात त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. आता दर रविवारी फोन येतो. "बोला शेठ, व्हॉट डिड यू सी?" काहीतरी सांगावं लागतं, आणि ते ताजं लागतं, शिळं त्यांना लगेच कळतं. म्हणून ज्यानं जन्मात कामाशिवाय मान वर केली नव्हती तो मी भद्रावतीच्या रस्त्यावर स्कूटर उभी करून पळसाकडे बघत बसतो आणि इकडे गिऱ्हाईक परत जातं. परवा तर हद्द झाली. एका घराचं दार घ्यायला गेलो. दाराच्या आतल्या बाजूला लेकरांच्या उंचीच्या रेघा होत्या, एकीवर एक. पूर्वी दिसल्या असत्या, मी बघितल्या नसत्या. त्या दिवशी बघत राहिलो, आणि मालकानं मागितला तो भाव देऊन बाहेर आलो.

ते दार मी अजून विकायला काढलेलं नाही. हा धंदा कुणी बुडवला? याचा जबाब सरांनीच द्यावा, आणि फोनवर नाही, इथं येऊन द्यावा. गाडी कोणतीही असू द्या. मी पुलावर उभा राहीन. मला शोधायची गरज नाही. त्यांचा डबा मी बघून ठेवीन.