देश नसलेला कॉन्सल

यरुशलेममधल्या एका गच्चीवर वाळत घातलेला पांढरा कपडा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. चोऱ्या, मारामाऱ्या, खून असे पुष्कळ तपास मी केले आणि त्यांतले बरेचसे विसरलो. हा मात्र विसरलो नाही. या वर्षी माझी पत्नी गेली. घर शांत झाले आहे आणि लिहायला वेळ आहे. या प्रकरणात तिचाही हात होता, म्हणून ते लिहून ठेवतो.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही मराठी ज्यू. मुंबई पोलिसांतली नोकरी सोडून आम्ही इथे इस्रायलमध्ये आलो आणि मी पुन्हा साध्या शिपायापासून सुरुवात केली. आमचे ठाणे सरहद्दीच्या तारेजवळ होते. शहराचे दोन तुकडे झालेले. तारेपलीकडे जॉर्डनचे शिपाई, अलीकडे आम्ही. मधून मधून गोळी सुटायची. त्यामुळे तारेजवळ कुणी नुसता हात हलवला तरी ठाण्यात खबर यायची.

अशीच एक खबर घेऊन गल्लीतला किराणा दुकानदार आला. मूळचा बगदादचा, बोलण्यात भारी चौकस. हिब्रूत पोलिसाला 'शोतेर' म्हणतात, तशी हाक मारून तो म्हणाला,

"शोतेर, तो वरच्या मजल्यावरचा गोरा म्हातारा रोज सकाळी आठला गच्चीत टेबलक्लॉथ वाळत घालतो."

"मग? स्वच्छ माणूस दिसतो. तुझ्या दुकानातलं फडकं मी पाहिलंय."

"हसा, हसा! काल पाऊस कोसळत होता. पावसात कोण कपडे वाळत घालतं? आणि घालून झालं की टोपी काढून तारेकडं बघत उभा राहतो."

मी काही सकाळी समोरच्या घरातून नजर ठेवली. दुकानदाराचे म्हणणे खरे होते. म्हातारा कोरडाच कपडा आणायचा, दोरीवर पसरायचा, कोपरे सारखे करायचा आणि उभा राहायचा. दुपारी घडी करून आत न्यायचा. पलीकडच्या मुलखाला इशारा देणे हा हेरगिरीचा प्रकार. मी वरिष्ठांना कळवले. त्याच दिवशी झडती झाली. टेबलक्लॉथ मुद्देमाल म्हणून जप्त झाला आणि म्हाताऱ्याला ठाण्यात आणले.

आमचे वरिष्ठ युरोपातून आलेले, स्वभावाने तापट. त्यांनी विचारले, "इशारा कोणाला देत होतास?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मी कॉन्सल आहे. माझ्या कचेरीच्या पत्रव्यवहाराबद्दल मी पोलिसांना उत्तर देत नाही."

"कोणत्या देशाचा कॉन्सल?"

त्याने नाव सांगितले. महायुद्धात शेजाऱ्यांनी तो देश गिळला होता. तिथले सरकार कोसळले, परदेशातल्या कचेऱ्यांचे पगार थांबले, आणि ही माणसे होती तिथेच अडकून पडली.

"असा देश आता नाही. नकाशात दाखव बघू!"

"तुमचा नकाशा घाईत छापलेला आहे," म्हातारा म्हणाला आणि मग दिवसभर एक शब्द बोलला नाही.

हिंदुस्थानातून आलेल्याला इथे 'होदी' म्हणतात. वरिष्ठ मला म्हणाले, "होदी, उद्यापर्यंत बोलला नाही तर वर कागद पाठवतो. खटला तरी होईल, नाहीतर देशाबाहेर काढतील."

बाहेर म्हणजे कुठे, हे त्यांनाही सांगता आले नसते. त्या माणसाला जगात ते दोन खोल्यांचे घर सोडून जागाच नव्हती. संध्याकाळी त्याला नजरेखाली घरी राहू दिले, एवढेच.

मुंबईत मी बरीच वर्षे परदेशी वकिलातींच्या फाटकावर पहाऱ्याला होतो. तिथे आम्हाला एक शिस्त शिकवलेली होती: उंबरठ्याच्या आत त्यांचा मुलूख, बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. दार उघडेच होते. मी बाहेर उभा राहिलो, सलाम केला आणि इंग्रजीत म्हणालो, "कॉन्सलसाहेब, आत यायची परवानगी आहे का?"

म्हातारा खुर्चीतून उठला. मग आत जाऊन कोट चढवून आला. "या, ऑफिसर. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं."

त्याने चहा केला आणि जबाब दिला, तोही सरकारी खलित्यासारखा, उभ्याने. युद्धात सरकार पडले तेव्हा या शहरात त्यांची दोनच माणसे उरली होती: ते स्वतः आणि त्यांचे व्हाइस-कॉन्सल. अठ्ठेचाळीस साली शहराची वाटणी झाली, तेव्हा कॉन्सल अलीकडे राहिले आणि त्यांचे सहकारी पलीकडे. टपाल नाही, फोन नाही. इतर वकिलातींच्या लोकांना सरहद्दीच्या फाटकातून जाऊ देत, पण यांचे कागद कोणतीच बाजू मानत नव्हती.

"आठ वाजता कचेरी उघडली की मी कपडा लावतो. पलीकडे तेही लावतात. मी आहे, तुम्ही आहात. एवढाच आमचा सरकारी व्यवहार." मग आवाज उतरला. "चार दिवस झाले, त्यांचा कपडा दिसत नाही. आज माझाही नाही. ते जिवंत असतील तर आता मला मेलेला समजतील."

मी ठाण्यात जबाब वाचून दाखवला. वरिष्ठांनी दुर्बीण घेऊन स्वतः पाहिले. पलीकडची गच्ची रिकामी होती.

"बघितलंस? म्हातारा गोष्टी रचतो. तू चहा पिऊन आलास."

"साहेब, रचायचीच असती तर कपडा दिसतो असं सांगितलं असतं. दिसत नाही हे कशाला सांगेल? पलीकडे एकदा विचारून बघू."

दोन्ही बाजूंना जा-ये करणारे परदेशी निरीक्षक होते. भांडणतंटे त्यांच्यामार्फत मिटवत. वरिष्ठ बराच वेळ कुरकुरले, पण कागद वर पाठवण्याआधी त्यांनी निरोप धाडला, हे त्यांचे उपकार. उत्तर येईपर्यंत कॉन्सलसाहेब खिडकीशी बसून होते. माझी पत्नी त्यांना जेवण पोचवायची.

"अहो, तुमचा कैदी भातावर लिंबू पिळून मागतो," ती म्हणाली. "असला कसला हेर?"

उत्तर आले तेव्हा वरिष्ठांनी ते दोनदा वाचले आणि खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. पलीकडच्या पोलिसांनीही एका म्हाताऱ्याला धरले होते. आरोप तोच, गच्चीवरून आमच्या बाजूला इशारे करण्याचा. तोही सांगत होता, समोर माझे कॉन्सल आहेत. तिथला तपास अधिकारी विचारत होता, असा माणूस तुमच्याकडे खरोखर आहे काय?

जबाब जुळले. दोघांना सोडायचे आणि ठरल्या सकाळी दोघांनी आपापला कपडा लावायचा, असे ठरले. पण आमच्याकडचा टेबलक्लॉथ मुद्देमालात. वरून हुकूम आल्याशिवाय तो सुटेना. आम्हा नव्याने आलेल्या लोकांच्या घरांत तर करड्या कांबळ्यांशिवाय काही नव्हते.

पत्नीने पेटी उघडली. "माझं दारफाळणीचं लुगडं न्या. पांढरंशुभ्र आहे."

"अगं, ते तू किप्पुरशिवाय नेसत नाहीस." दारफाळणी म्हणजेच किप्पुर, दारे लावून उपास करण्याचा आमचा मोठा सण; त्या दिवशी पांढरे नेसतात.

"मग? म्हाताऱ्याबाबांचा हाही सणच की. मात्र डाग पाडून आणू नका."

सकाळी नऊवारी लुगडे गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले. कॉन्सलसाहेबांनी ते पाहिले आणि पहिल्यांदाच हसले. "एवढं मोठं! पलीकडे त्यांना वाटेल, आपण महासत्ता झालो."

आठ वाजले. पलीकडच्या गच्चीवर एक वाकलेला माणूस आला. चादर लावता लावता त्याने मान वर केली, लुगडे पाहिले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. कॉन्सलसाहेबांनी टोपी काढली. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्यावरची नजर काढून समोर पाहू लागलो.

तेव्हा दिसले, पलीकडे चादरीची दुसरी बाजू एका गणवेशातल्या माणसाने धरली होती. वारा होता, म्हाताऱ्याला ती आवरत नव्हती. तो माझ्यासारखाच पोलीस होता, बहुधा तोच तपास अधिकारी. त्याने माझ्याकडे पाहिले. मी सलाम केला. चादर सोडता येत नव्हती म्हणून त्याने नुसती मान लववली.

या प्रकरणाने मला तपासाची एक रीत दिली. समोरचा माणूस स्वतःला जे समजतो ते त्याला आधी असू द्यावे, मग प्रश्न विचारावा. खोटा असेल तर त्यातूनही कळते. पुढे अधिकारी झाल्यावर मी हेच माझ्या हाताखालच्यांना सांगत आलो.

पत्नीचे ऋण मी तिला बोलून दाखवले होते. त्या पलीकडच्या पोलिसाला सांगायचे राहिले. त्याचे नाव मला कधी कळले नाही. त्याच्याही ठाण्यात कुणी म्हणाले असेल, म्हातारा गोष्टी रचतो, पाठवून दे. तारेपलीकडच्या शत्रूला प्रश्न विचारण्यात त्याला माझ्यापेक्षा कमी धोका नव्हता. तरी त्याने प्रश्न विचारला आणि म्हाताऱ्याला पुढे न पाठवता उत्तर येईपर्यंत थांबला. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.